शाळेतील विविध गुणदर्शन



युनियनच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे विषय बहुधा ठरलेला असतो. कंत्राटी कामगार, महागाई, नाही तर कामगार कायदा. यंदा चालकांनी विषय माझ्यावर सोपवला, तेव्हा मी कळवले की शाळेच्या गॅदरिंगवर बोलेन. त्यावर त्यांचे विचारणे आले, की विषय नक्की हाच ना? हाच. आणि मी तो गमतीने घेतलेला नाही. माणसे चार लोकांसमोर तोंड का उघडत नाहीत, या प्रश्नाशी माझी तीस वर्षांची गाठ आहे. तो प्रश्न उकलत मागे मागे गेले, की पुष्कळदा शाळेच्या त्या एका संध्याकाळपाशी येऊन थांबावे लागते.

आमंत्रणपत्रिकेवर 'वार्षिक स्नेहसंमेलन' असे छापतात. मुलांच्या तोंडी शब्द गॅदरिंग हाच. त्याचे दोन भाग असतात. पहिल्यात अहवालवाचन, पाहुण्यांचा परिचय आणि पाहुण्यांचे भाषण. हे कधी संपते याकडे मुलांचे लक्ष लागलेले असते, आणि खरे सांगायचे तर पाहुण्यांचेही. दुसरा भाग म्हणजे 'विविध गुणदर्शन'. आपण हा शब्द इतका सहज वापरतो, की तो किती मोठे बोलतो हे ध्यानात येत नाही. परीक्षेत गुण मिळतात, ते दुसरा कोणी देतो. इथे गुण आधीच मुलाजवळ आहेत असे गृहीत धरलेले आहे. त्याने ते फक्त दाखवायचे आणि बाकीच्यांनी पाहायचे. वर्षातून तीन तास का होईना, शाळा हे मान्य करते.

ती तयारी आठवा. दिवाळीची सुट्टी संपली की शेवटचे दोन तास बुडू लागतात. वर्गातले बाक भिंतीला लावून मधली जागा मोकळी होते. एखाद्या बाई कोळीनृत्य बसवतात, चित्रकलेचे सर पुठ्ठ्याचे मुकुट करतात, आणि ज्या सरांनी वर्षभर वेताची छडी सोडलेली नाही, तेच पोवाड्यामागे मन लावून डफ वाजवताना दिसतात. घराघरांतून आईची नऊवारी, आजोबांचा फेटा, शेजाऱ्यांचे धोतर गोळा होते. मिशा काजळाच्या, ओठांना कुंकू, गालांना गुलाबी पावडर. पंधरा मुलांसाठी हातभर आरसा एकच. त्यात पाहिले की आपण ओळखू येत नाही, आणि ओळखू येत नाही याचाच मोठा आनंद होतो.

आता मी विचारतो, हा आनंद नेमका कशाचा? टाळ्यांचा म्हणावा, तर सामुदायिक नृत्यात तिसऱ्या ओळीतल्या मुलीला तिच्यापुरती टाळी कुठे मिळते? तरी ती आठ दिवस घरात तेच गाणे गुणगुणत असते. बक्षिसाचा म्हणावा, तर बक्षीस एकाला आणि आनंद पन्नासांना, हा हिशेब जुळत नाही. याचा उलगडा मला माझ्याच एका भूमिकेतून झाला, म्हणून ती सांगतो. फार मोठी नाही, एका वाक्याची आहे.

आम्ही परळचे. वडील गिरणीत साचेखात्यात. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत सातवीत होतो, साल १९८१, महिना डिसेंबर. आमच्या गुरुजींनी स्वतःच एक नाटुकले लिहिले होते. त्यात राजा, प्रधान, विदूषक आणि दोन शिपाई. मी दुसरा शिपाई. पहिल्या शिपायाला भाला होता, मला तोही नव्हता. माझे वाक्य एवढेच होते: "महाराज, दाराशी माणसे आली आहेत, आणि ती परत जायला तयार नाहीत."

(श्रोत्यांत हशा)

आपण हसलात ते बरोबर आहे. पुढे माझा धंदाच तो झाला. गेली तीस वर्षे वेगवेगळ्या महाराजांना मी हेच वाक्य ऐकवत आलो आहे.

पण त्या संध्याकाळचे सांगतो. राजाचे काम करणारा मुलगा हुशार, वर्गात पहिला येणारा. त्याची चार पाने भाषणे होती आणि ती त्याला घडाघडा पाठ होती. तरीसुद्धा मी माझे वाक्य म्हणेपर्यंत त्याला पुढे सरकता येत नव्हते. मी आत आलो, छातीत धडधड, समोर काळोख, काळोखात दोनअडीचशे माणसांचा श्वास. राजा माझ्याकडे पाहत होता, प्रधान पाहत होता, विंगेतून गुरुजी पाहत होते. सगळे नाटक माझ्या एका वाक्यासाठी खोळंबले होते. त्या दोन क्षणांत मला जे वाटले ते शब्दांत सांगणे कठीण. भीती होतीच. पण भीतीच्या आत हेही होते, की आज माझ्यावाचून यांचे चालणार नाही. ज्या घरात खाणारी तोंडे सात, ज्या वर्गात मुले साठ, तिथे आपण नसलो तर कोणाचे काही अडेल असे त्या वयाला कधी वाटलेलेच नव्हते. मी वाक्य म्हटले. राजा दचकला, ठरल्याप्रमाणे, आणि नाटक पुढे गेले.

साचेखात्यातली माणसे हे चटकन ओळखतील. एक धागा तुटला की साचा थांबतो. धागा दिसायला केवढासा, पण सगळे लुगडे त्याच्या जिवावर उभे असते. वडील त्या रात्री पाळी बदलून आले होते आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिले होते. घरी जाताना ते एवढेच म्हणाले, "मागपर्यंत ऐकू आले." आमच्या घरात याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणीकामगार बाहेर पडले, आणि आमच्यासारख्या कित्येक घरांची शाळा, बिऱ्हाड, गाव सगळे विस्कटले. माझी शाळा तिथेच संपली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि गेटवर. त्यामुळे शाळेने मला काय दिले याची यादी काढायला बसलो तर ती फार लांब होत नाही, पण ते वाक्य तिच्यात वरच्या बाजूला आहे.

दुसरा एक आनंद आहे, तो जरा खट्याळ आहे. नकलेचा. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस हेडमास्तरांसमोर मान वर करायची नाही, आणि एक दिवस मात्र त्यांचाच चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन, त्यांच्यासारखेच खाकरून, त्यांच्या तोंडचे वाक्य त्यांच्याच समोर म्हणायचे. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या हेडमास्तरांनी रुमालाने डोळे पुसत हसायचे. वरच्या वर्गांत फिशपॉन्डची प्रथा असते तिथेही हेच. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर तेच, छडीही तीच. पण मुलाच्या मनात कुठेतरी नोंद झालेली असते, की हासुद्धा माणूसच आहे. ज्याची नकल करता आली त्याचे भय निम्मे उरते. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत जॉबरची हुबेहूब नकल करणारा एखादा तरी असे, आणि माझे निरीक्षण असे आहे, की पुढे गेटसभेत पहिल्यांदा बोलायला उठणाराही पुष्कळदा तोच असे.

लोकांसमोर मुलाने उभे राहण्याची ही रीत आपल्याकडे केवळ करमणुकीतून आलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळांतील मुलींची जाहीर परीक्षा १८५३ साली पुण्यात झाली, तेव्हा ती पाहायला पुष्कळ लोक लोटले होते. मुली वाचतात, उत्तरे देतात, हेच त्या काळी अद्भुत दर्शन होते. आणि फुल्यांच्याच शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी वयाच्या मुलीने आपल्या माणसांचे दुःख आपल्या शब्दांत मांडले आणि मोठ्यांना ते वाचावे लागले. याला गुणदर्शन नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

आणि माझ्या धंद्यातले पूर्वज ना. म. जोशी. त्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, ती 'आयटक'च्या जन्माच्या नऊ वर्षे आधी. आधी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये, मग संघटना, असा हा क्रम आहे. लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभे राहिले आणि गिरणगावातल्या हौशी नटांनी ते आपले मानले. २०२३ साली पुनर्विकासासाठी ते बंद झाले, तेव्हा हळहळणाऱ्यांत तिकीट काढून नाटक पाहणारे होते, तसे दिवसा साच्यावर आणि रात्री त्या रंगमंचावर उभे राहिलेल्यांचे मुलगे-नातूही होते. पोटासाठी झगडणाऱ्या माणसाला रंगमंच कशाला हवा, असे जोशींसारख्या हिशेबी माणसाला वाटले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

एक शब्द नाट्यछटेविषयी. पुण्यात शिक्षक असलेले शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजेच 'दिवाकर', यांनी हा प्रकार मराठीत आणला आणि एकावन्न नाट्यछटा लिहिल्या. एकच माणूस बोलतो, समोरचा दिसत नाही, पण तो काय म्हणाला हे बोलणाऱ्याच्या तोंडून कळते. पडदा नको, पोशाख नको, मुकुट नको. एक मूल आणि उभे राहायला चार फूट जागा. शाळेला इतके स्वस्त आणि इतके सकस दुसरे काही मला ठाऊक नाही. न दिसणाऱ्या माणसाशी बोलायचे म्हणजे त्याच्या बाजूने विचार करावा लागतो. वाटाघाटीला बसणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना मी आजही हाच सराव करायला लावतो: मॅनेजरची खुर्ची रिकामी ठेवायची आणि तिच्याशी बोलायचे.

आता जे चालले आहे त्याकडे येतो. आजही कित्येक शाळांत, विशेषतः जिल्हा परिषदेच्या शाळांत, गुरुजी आणि बाई पदरमोड करून गॅदरिंग उभे करतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु दुसरा एक मासला वाढतो आहे. नृत्य बसवायला बाहेरचा माणूस पैसे देऊन आणायचा. त्याने 'चाचणी' घ्यायची आणि ज्यांचे पाय तालात पडतात ती मुले उचलायची. पोशाख भाड्याचे, गाणे ध्वनिमुद्रित, मुलांनी फक्त ओठ हलवायचे. वर तीन परीक्षक आणि दहापैकी गुण. दूरदर्शनच्या पडद्यावरच्या स्पर्धांची ही नक्कल आहे. त्या स्पर्धांत गुणी मुले आली हे मी नाकारीत नाही. २००८-०९ साली झी मराठीवर 'लिटिल चॅम्प्स' ऐकताना मीही रात्रपाळीच्या लोकांना चहा द्यायचा विसरलो आहे. आमच्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांतही परीक्षक असतात आणि नंबर असतात. पण तिथे उतरतो तो मोठा माणूस, आपण होऊन उतरतो. आठ वर्षांच्या मुलाला शाळेनेच सांगायचे की तुझ्यात दाखवण्यासारखे काही नाही, तू खाली सतरंजीवर बस आणि टाळ्या वाजव, ही गोष्ट वेगळी आहे. ज्याला गाता येते त्याचे शाळेवाचूनही फारसे अडत नाही. शाळेची गरज खाली बसलेल्याला आहे.

आणि पैशाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या सभासदांतली एक बाई माझ्याकडे आली. औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर पॅकिंगचे काम करते. तिला पतपेढीतून उचल हवी होती. कशासाठी, तर मुलगी नृत्यात निवडली गेली होती आणि पोशाखाचे भाडे व वर्गणी मिळून ९०० रुपये शाळेने मागितले होते. तिची ती दोन दिवसांची मजुरी. मी म्हटले, उचल मिळेल. ती जरा थांबली आणि म्हणाली, "भाऊ, यंदा भरते. पण धाकटा विचारतो, मला का नाही घेतले. त्याला काय सांगू?" उचलीचा अर्ज माझ्या हातात होता, पण या प्रश्नाला माझ्याजवळ छापील नमुना नव्हता.

म्हणून आम्ही पुढच्या १ मेला वस्तीतच गुणदर्शन ठेवले. नियम दोनच केले. जो मूल नाव देईल त्याला रंगमंच मिळेल, आणि नंबर काढायचे नाहीत. भंगारवाल्याकडून लाकडी पॅलेट आणून मंच केला, एका सभासदाच्या घरून वीज घेतली, पोशाख घरचे. नावे आली त्रेचाळीस. लेझीम झाले, भारूड झाले, चित्रपटातले नाच झाले, तेही मी अडवले नाहीत. एकीने एकोणतीसचा पाढा उलटा म्हटला. एकाने रेल्वेत वडे विकणाऱ्या आपल्या काकाचा आवाज काढला. पॅकिंगवाल्या बाईच्या त्या धाकट्याने कोंबडा आरवून दाखवला, तीनदा, आणि मग तो खाली उतरायलाच तयार होईना.

मग एक नऊ वर्षांचा मुलगा आला. बाप पॉवर प्रेसवर काम करतो. कारखान्याचे नाव मी सांगत नाही. मुलगा स्टुलावर बसला आणि तोंडाने एक शब्द न बोलता त्याने काम सुरू केले. डाव्या हाताने पत्रा उचलायचा, डायवर ठेवायचा, हात मागे, पायाने पेडल, धप्. तयार माल पेटीत. पुन्हा पत्रा, हात मागे, पेडल, धप्. आवाज असा की डोळे मिटले तर खात्यात बसल्यासारखे वाटावे. ओळखीची गोष्ट दिसली म्हणून लोक खूश होऊन हसत होते. चारपाच ठोके असे झाले. मग त्याने पेडल एकदाच दाबले आणि आवाज दोनदा काढला. धप्, धप्. हात झटकन मागे घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि एक एक करून बोटे मोजली.

बायका हसल्या. त्या खात्यातली माणसे हसली नाहीत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: एकदा पाय दाबला की एकदाच ठोका पडला पाहिजे. क्लचमधली किल्ली झिजली की प्रेस कधी कधी दुसरा ठोका आपण होऊन मारते, आणि तेवढ्यात हात आत गेलेला असतो. बापाने हे घरात कधी सांगितले नव्हते. पाळीवरचा दोस्त जेवायला आला असताना दोघे हळू आवाजात बोलले होते, आणि पोरगा पलीकडे अभ्यास करीत होता. निदान बापाला तो अभ्यास करतो आहे असे वाटत होते.

मुलाला यातले काही माहीत नव्हते. त्याला एवढेच कळले, की आपण केले ते सगळ्यांनी श्वास रोखून पाहिले. टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या, पण थांबेनात. त्याने वाकून दोनदा नमस्कार केला. तोंडावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. पुढे आठवडाभर तो गल्लीत ज्याला त्याला बोटे मोजून दाखवत होता. बाप मागे उभा होता. तो नंतर मला म्हणाला, "मी सुपरवायझरला हे तोंडी सांगायला सहा महिने कचरत होतो." त्या प्रेसबद्दलच्या अर्जावर त्याच आठवड्यात अकरा सह्या झाल्या. अर्जाचे पुढे काय झाले हा आजचा विषय नाही. चालकांनी पुढल्या वर्षी बोलावले तर कंत्राटी कामगारांवरच्या व्याख्यानात सांगेन.

आज इथे शाळांच्या समित्यांवर असलेली मंडळी बसलेली आहेत, म्हणून त्यांचा एक आक्षेप मी आधीच घेतो. ते म्हणतात, सगळ्यांना घेतले तर कार्यक्रम फार लांबतो. लांबतो, हे खरे आहे. आमचा साडेचार तास चालला. मधे दोनदा वीज गेली, एकदा पॅलेटची फळी निखळली, आणि निवेदन करणाऱ्या मुलीचा घसा बसला. पण एक तोडगा आहे. गॅदरिंगचा पहिला भाग, तो अहवालाचा आणि पाहुण्यांचा, अर्ध्या तासात आटपा. मला पाहुणा म्हणून बोलावलेत तर मी पाच मिनिटांत बसेन, लेखी द्यायला तयार आहे.

आमच्या यादीत शेवटचे नाव पहिलीतल्या एका मुलीचे होते. तिची पाळी आली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते आणि ती आईच्या मांडीवर झोपली होती. कोणीतरी म्हणाले, राहू द्या आता, सकाळची पाळी आहे लोकांना. आईने ऐकले नाही. मुलीला उठवले, बादलीतल्या पाण्याने तोंड धुतले, केस पुन्हा बांधले आणि हाताला धरून मंचावर उभे केले. तिने अर्धे डोळे मिटूनच आपले गाणे म्हटले, सगळी कडवी. तोवर कोणी उठले नव्हते.